शेजारणीचं मत

"शंभरातले शंभर जण महाराजांनाच निवडणार!" प्रधान बहिरोपंतांनी भर दरबारात सांगितलं आणि वज्रधवल राजाने मिशीला पीळ भरला.

त्या राज्याची रीतच होती. दर बारा वर्षांनी प्रजेने मडक्यात चिंचोका टाकून आपला राजा निवडायचा. यंदा वज्रधवलासमोर त्याचाच चुलतभाऊ उभा होता. म्हणून लोकांचा कल आधीच काढायला प्रधानांनी घरोघर भालेवाले शिपाई धाडले होते.

दवंडीवाला सटवाजी खुदकन हसला. "भाल्यापुढं खरं कोण बोलंल, महाराज?"

झालं! राजा भडकला. "टाका याला कोठडीत! निवड झाली की हद्दपार!"

सटवाजीची लेक कौतिका धावतच दरबारात आली. "महाराज, बाप खरं बोलला. मी दाखवून देते!"

"दे की! पण अट ऐक. 'मी महाराजांना निवडणार नाही' असं एकाच्याही तोंडून निघता कामा नये. तरी मला लोकांच्या मनातलं कळलं पाहिजे. नाही जमलं, तर बापामागोमाग तूही हद्दपार!"

दरबारात कुजबूज सुरू झाली. अशी अट कोण पुरी करणार? कौतिकेने मात्र पदर खोचला. "मंजूर! उद्या घोंगडी पांघरून माझ्या मागनं चला. शिपाई नकोत."

पहिलं घर भागूबाईचं.

"मावशी, यंदा चिंचोका कुणाला?"

"अगं, महाराजांनाच!"

घोंगडीतला राजा खूश.

"आणि शेजारच्या सोनकाकूचा?"

भागूबाईने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती कसली देते! राजाची स्वारी जाते म्हणून संध्याकाळी ओट्यावर बसायची बंदी झाली ना? तेव्हापासनं कडाकडा बोटं मोडते!"

सोनकाकूंनी तर दारातच हात उडवले. "मी महाराजांचीच गं! पण त्या भागूचं नाव काढू नको. ओट्यावर चार गोष्टी बोलल्याशिवाय तिला अन्न पचतं का? तिचा चिंचोका चुलतभावाला!"

पुढे तेली, साळी, न्हावी... अख्खी गल्ली संपली, सूर तोच. "मी महाराजांचा हो, पण शेजाऱ्याचं विचारू नका!"

राजा चक्रावला. "जो तो माझा, आणि ज्याचा त्याचा शेजारी माझ्या विरुद्ध! हे कसं गं?"

"महाराज, स्वतःचं सांगताना माणसाला भाला दिसतो. शेजाऱ्याचं सांगताना तो आपल्याच पोटातलं ओकतो! सांगा, अट मोडली का कुणी?"

राजा घोंगडी फेकून निघाला. तडक दरबारात आला.

"बहिरोपंत, तुम्ही कुणाला निवडणार?"

"हे काय विचारणं? महाराजांनाच!"

"आणि तुमच्या शेजारी बसलेले सेनापती?"

प्रधान पुढे झुकून कुजबुजले, "त्यांचं काही खरं नाही, महाराज!"

सेनापती ताडकन उठले. "माझं? आणि तुमचं हो?"

राजा पोट धरधरून हसला. सटवाजी तिथल्या तिथे सुटला आणि ओट्यावरची बंदी उठल्याची दवंडी त्यानेच पिटली. राजाने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून कौतिकेच्या हातात ठेवला.

"आता खरं सांग पोरी, तुझा चिंचोका कुणाला?"

"मला कशाला विचारता, महाराज? माझी शेजारीण आहे की!"