सावरबर्डीचे तोरण

दिवस कलला तेव्हा सावरबर्डीच्या आखरात, वेशीजवळच्या गुरांच्या मैदानात, पोळा भरलेला होता आणि तोरण तुटत नव्हते. केशोबुवा महाराज त्या साली याच गावात, वेशीजवळच्या चिंचेखाली मुक्कामाला होते. जे घडत होते ते तिथूनच बघत होते.

वऱ्हाडातल्या पोळ्याची रीत भाविकांना ठाऊक आहे. दोन खांबांना आंब्याच्या पानांचा दोर बांधतात. पाटलांचा मानाचा बैल डोक्यावर लाकडी मखर घेऊन त्याखालून जातो, मखरात अडकून दोर तुटतो, म्हणजे पोळा फुटला. मग सारे बैल घरोघर पूजेला निघतात. त्या दिवशी यादोराव पाटलांचा बैल पुन्हा पुन्हा नेला. दर वेळी दोर ताणला जाई आणि जागेवर येई. शेवटी विळा लावला, तर विळ्याची धार गेली.

दोर वळला होता लहानूने. मातंग वस्तीतला हा माणूस महाराजांचा भक्त. संध्याकाळी दूर बसून भजन ऐकायचा. दोर दरसाल त्याचाच, पण त्याखालून त्याचा बैल कधी गेला नव्हता. त्या दुपारी मात्र शिंगे रंगवून तो आपला कबऱ्या आखरात घेऊन आला होता.

"एका बैलाचा पोळा?" यादोराव हसले होते. "जोडीले तू सोता जुपून घेतं का बे?"

"पाटील, पेरणीत तुमचा बैल लंगडला तवा माहा कबऱ्याच तुमच्या दुसऱ्या बैलासंगं जुपला होता," लहानू म्हणाला. "जुवाखाली चालला, अन् तोरणाखाली चालत नाई?"

पाटलांनी त्याला हाकलून दिले. लहानू घरी गेला नाही. वेशीबाहेर बाभळीखाली कासरा धरून उभा राहिला.

आता त्यालाच तिथून ओढून आणले गेले.

"दोरात काय घातलं?" यादोरावांनी विचारले.

"अंबाडी. दरसाली घालतो तेच."

"करणी केली तुनं. दिवस बुडाच्या आत पोळा फुटला नाई, तर उद्या झोपडी मोडतो तुही. बायकोपोरं घे अन् गाव सोड."

जमलेल्या गावातून कोणी नको म्हटले नाही. लहानू बैलासकट चिंचेखाली आला. "महाराज, मी काई केलं नाई."

"ठाऊक आहे," महाराज म्हणाले. मग त्यांनी पाटलांना विचारले, "पाटील, पोळा कोणाचा?"

"गावाचा."

"गाव पुरा आला का?"

यादोरावांना प्रश्न कळला. ऊन बाभळीच्या शेंड्यावर गेले होते. "बरं," ते म्हणाले, "तुमच्या शब्दाखातर दया करतो. राहू द्या त्याले सगळ्याईच्या मागं."

"दया त्याने मागितलीच नाही. तरी करून पाहा," महाराज म्हणाले.

कबऱ्याला रांगेच्या टोकाला, मध्ये बरीच जागा सोडून, उभे केले. मानाचा बैल निघाला. दोर तसाच राहिला, मखर मोडले.

"यादो, बैलं उपाशी हायेत," रांगेतले म्हातारे सोमाजी म्हणाले. "मान काय चारतं का त्याईले?"

कोणीतरी हसले. त्याच्याकडे पाटलांनी पाहिलेही नाही. ते रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले. "आण तुहा बैल," लहानूला म्हणाले, आणि कबऱ्याला आपल्या बैलाशेजारी उभे केले, खांद्याला खांदा. पेरणीत चालले होते तसे दोन्ही बैल निघाले. शिंगे दोराला लागण्याआधीच दोर मधोमध तुटला आणि पाने दोघांच्या पाठीवर पडली.

यादोरावांनी पागोटे काढून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "चुकलं, महाराज."

"माझ्याशी काय चुकलात? ज्याच्याशी चुकलात त्याला सांगा."

पाटील उठले आणि भर आखरात लहानूपुढे वाकले. लहानू जन्माच्या सवयीने मागे सरकला. ते आणखी वाकले, तो आणखी सरकला. महाराजांनी दोघांपैकी कोणालाही थांबवले नाही.

बैल पूजेला सुटले. पहिली पूजा पाटलांच्या दारी. पाटलीणबाईंनी आपल्या बैलाचे पाय धुतले, यादोरावांकडे एकदा पाहिले, आणि कबऱ्याचेही धुतले. दोघांना कुंकू लावले, पुरणाची पोळी चारली. बैल घेऊन येणाऱ्याला ओसरीवर जेवू घालायचे, अशी त्या घरची चाल. त्यांनी दोन पाट मांडले, दोन ताटे वाढली. पाटलांचा गडी एका पाटावर बसला.

कबऱ्या अंगणात होता. त्याचा कासरा धरून लहानू फाटकाबाहेर उभा होता. यादोरावांनी त्याला "ये" म्हणून हाक मारली. दिवेलागण झाली तरी दुसरा पाट रिकामा होता.