काठीचा सडा

घाटमाथ्यावरच्या या उघड्या कातळाला काठीचा सडा म्हणतात. रात्री चढून आलेले वाटसरू इथे चांदण्यांखाली पाठ टेकतात. पण त्याआधी इथे एक विचारणा होते. ती कशी सुरू झाली, हे वाटाडे गोमाजीबाबा सांगतात ते असे.

पूर्वी कोकणातून मिठाचे बैल याच वाटेने वर येत. उन्हाच्या भीतीने तांडा घाट रात्रीच चढे, पुढे म्हातारा वाटाड्या बुधाजी. कातळावर पाऊलवाट उमटत नाही आणि पहाटे धुके उतरते, म्हणून निजण्याआधी तो ध्रुव पाहून, जायच्या दिशेला टोक करून काठी ठेवी.

त्याच्या मागे बारा वर्षे चालणारा लखू त्याला पाण्यात पाहायचा. एकदा भाकरी बांधताना लखूची बायकोच म्हणाली, “बुधाजीभाऊजी पुढं हायेत, मग मला कसला घोर?” लखूच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री सगळे घोरू लागल्यावर त्याने काठी फिरवली. एकदा तरी म्हाताऱ्याची फजिती व्हावी, एवढेच त्याला हवे होते.

पहाटे हात दिसेना इतके धुके. बुधाजी उठला आणि म्हणाला, “लखू, माझी नजर आता थकली बाबा. आजपास्नं तू पुढं हो.”

बारा वर्षे ज्याच्यासाठी जळला, ते असे आयते हातात आले. आणि काठी किती फिरवली, हे अंधारात त्याचे त्यालाच कळले नव्हते. कडा जवळच होता. बोलावे तर मान जातो, न बोलावे तर माणसे जातात. म्हणे, तो चार पावले चालला आणि मागे वळला.

“काठी म्याच फिरवली.”

मग बुधाजी म्हणाला, “मागितली असतीस तर कवाच दिली असती रं.”

धुके विरले तेव्हा काठीचे टोक सरळ कड्याकडे होते.

लखू जन्मभर शेवटच्या बैलामागून चालला. मनातली आग विझली का? “छे,” गोमाजीबाबा हसतात, “ती काय विझती व्हय? पण तो मनात न ठेवता बोलून दावायचा.”

आजही इथे काठी ठेवण्याआधी वाटाड्या मोठ्याने विचारतो, “पुढं कुणाला व्हायचंय?” ज्याच्या मनात असेल त्याने सगळ्यांदेखत हो म्हणायचे, आणि उद्या बाकीच्यांनी त्याच्या मागून चालायचे. विचारल्यावाचून या सड्यावर कोणी डोळा मिटत नाही.