तांब्याचा मासा आणि समुद्रफूल

फार पूर्वी घाटमाथ्यावरच्या एका गावात एक तांबट राहत असे. निरोप आला तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. तांबट सकाळपासून एका घंगाळाची कड ठोकत बसला होता. तांबटीण अंगणात डाळ पाखडत होती. घाटाखालून मीठ घेऊन येणारा गाडीवान दारात येऊन उभा राहिला, पण त्यानं पोती उतरवली नाहीत.

"तुमची सगुणा गेली," तो म्हणाला. "तापानं. विहीणबाईंनी सांगून पाठवलंय."

तांबटानं मान हलवली आणि पुन्हा हातोडी उचलली. कड अर्ध्यात सोडली तर भांडं वाकडं होतं. कड पुरी झाल्यावर त्यानं हातोडी खाली ठेवली, आणि मग तो उठला.

सगुणा त्याची एकुलती एक लेक. समुद्रकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरी दिलेली. जावई गलबतावर असे आणि वर्षावर्षानं घरी येई. सगुणेच्या मागे तिची लहानगी मुलगी राहिली, वेणू. दिवसकार्य उरकल्यावर तांबट विहिणीला म्हणाला, "पोरीला माझ्याकडे राहू द्या. माझ्या लेकीचं तेवढंच उरलंय."

विहीणबाई मिठागराची मालकीण. उन्हानं रापलेली, मोजकं बोलणारी. ती म्हणाली, "न्या. रमली तर राहील. नाही रमली तर मी घेऊन जाईन. मग अडवू नका."

"अडवणार नाही," तांबट म्हणाला. ती रमेलच, अशी त्याची खात्री होती.

वेणू रमली नाही. तांबटीण तिच्यापुढे साजूक तुपातला शिरा ठेवी, ती दोन घास खाऊन उठे. दुपारी परसातल्या हौदाला कान लावून बसे.

"आजोबा, हे पाणी बोलत का नाही?"

"गोडं पाणी शांतच असतं."

"आजारी आहे का?"

दोन दिवस विचार करून तांबट बायकोला म्हणाला, "पोर समुद्रावाचून झुरतेय. आपण समुद्रच घरी आणू."

"आणा की," तांबटीण म्हणाली. "ठेवायचा कुठं? माळ्यावर?"

तांबटानं काचवाल्याकडून काचेची मोठी पेटी करून घेतली, सांधे राळेनं बुजवले आणि ती ओसरीवर मांडली. आधी विहिरीचं पाणी भरून पाहिलं. पेटी एका कोपऱ्यात गळली आणि पाणी थेट चुलीपर्यंत गेलं. तांबटीण पदर खोचून फरशी पुसायला लागली. "अजून तर आपली विहीरच आलीय. समुद्र आला की सांगा, मी माहेरी जाते."

सांधे पुन्हा भरले. मग तांबट गाडी जुंपून घाट उतरला. विहिणीनं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. मिठागराच्या चरात समुद्राचं पाणी येई आणि त्याबरोबर जीवजंतूही येत. ते कशानं जगतात आणि कशानं मरतात हे ती लहानपणापासून पाहत आली होती.

"पाणी लाकडी पिंपातून न्या," ती म्हणाली. "आधी नुसती वाळू आणि खाडीतले दगड घाला. पाणी गढूळ होईल, दगडांवर तपकिरी साय धरेल. घाबरून उपसू नका. निवळून दगड हिरवे झाले की निरोप धाडा, मग जिवंत काय ते मी पाठवीन. पाणी आटलं तर वरून गोडं घाला, खारं नाही. पाणी उडून जातं, मीठ बसून राहतं. रोज लाकडी डावानं पाणी उचलून वरून सोडा, त्याला वारा लागला पाहिजे. आणि आत धातू घालू नका. लोखंड, पितळ, तांबं, काहीच नाही. आमची फावडीसुद्धा लाकडाची आहेत."

"तांबंसुद्धा नको?"

"तांबंसुद्धा."

तांबट मनात हसला. खाऱ्या पाण्यानं फावडं गंजतं, म्हणून बाई भितेय, त्याला वाटलं. गंजायचं ते लोखंड. तांब्याला काय होतंय?

बाकी सगळं त्यानं सांगितल्याबरहुकूम केलं. पाणी गढुळलं, तो थांबला. साय धरली, तेव्हा तांबटीण नाक मुरडून म्हणाली, "घरात समुद्र नाही, गटार आणलंय." तरी तो थांबला. पाणी निवळलं, दगड हिरवे झाले. मग गाडीवान एक झाकलेलं लाकडी घमेलं घेऊन आला. त्यात काही गोगलगायी होत्या, दुसऱ्याच्या शंखात राहणारा एक खेकडा होता आणि एका दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल होतं. हे फूल म्हणजे खरं तर प्राणीच. गुलाबी बोटं पसरून बसायचं आणि स्पर्श झाला की मिटायचं.

वेणू पेटीसमोरून हलेना. डावानं पाणी वरून सोडायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. पाण्याचा खळखळाट ओसरीवर घुमला की म्हणायची, "आता बोलतंय." ती जेवायला लागली. खेकड्याला ती भाऊजी म्हणायची आणि भाऊजींनी घर कधी बदलायचं यावर आजीशी वाद घालायची.

तांबटाला समाधान वाटलं. पण समाधानाबरोबर एक खंतही होती. पेटीतलं सगळं विहिणीकडचं होतं, त्याचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. त्याच्या आळीत रीत होती, की नवी विहीर खोदली किंवा नवा रांजण भरला तर तळाशी तांब्याचा तुकडा सोडायचा. तांब्यानं पाणी शुद्ध होतं, असं त्याचा आजा सांगे आणि आज्याचा आजाही. त्यानं उत्तम पत्रा निवडला आणि सगुणेची आठवण काढत एक मासा घडवला. खवला खवला वेगळा ठोकला. आयुष्यात त्यानं इतकं सुबक काम केलं नव्हतं. वेणू जेवायला बसली असताना त्यानं तो वाळूवर ठेवला.

"अहो, विहीणबाई नको म्हणाल्या होत्या ना?" तांबटीण म्हणाली.

"त्यांना मीठ कळतं. तांबं मला कळतं."

वेणूला मासा आवडला. पण थोड्याच दिवसांत समुद्रफूल अर्धवट मिटून राहू लागलं. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या. माशावर हिरवी कळा चढली. ती पाहून तांबट ओशाळला. आपल्या हातची वस्तू अशी मळकट दिसते, म्हणूनच पाणी नासलं असेल, असं त्यानं ठरवलं. मासा बाहेर काढून त्यानं चिंचेनं घासला, लखलखीत केला आणि पुन्हा आत ठेवला. हिरवं चढलं की काढायचा, घासायचा, ठेवायचा.

"अहो, काढून तरी बघा एकदा," तांबटीण म्हणाली.

"तोच तर पाणी शुद्ध ठेवतोय," तो म्हणाला.

एका सकाळी समुद्रफूल दगडावरून गळून तळाशी पडलं होतं. खेकडा शंखातून अर्धा बाहेर येऊन तसाच राहिला होता. वेणू रडली नाही. तिनं डाव जागेवर ठेवला आणि ती हौदापाशी जाऊन बसली. त्या दिवसापासून ती पुन्हा दोन घासांवर आली.

गाडीवानाकडून कळलं तशी विहीणबाई आली. तिनं पेटीत हात घालून मासा बाहेर काढला आणि फिरवून फिरवून पाहिला.

"काम सुरेख आहे," ती म्हणाली.

"सगुणेसाठी केला," तांबट म्हणाला. "खरंच तांब्यानं झालं? तुमचं खारं पाणी तांबं खाईल म्हणून तुम्ही नको म्हणालात, असं मला वाटलं."

"व्याहीबुवा, तांब्याची काळजी मी कशाला करू? तांबं पाण्यात उतरतं. माणसाला ते मानवत असेल, ह्या जिवांना ते विष आहे. आणि तुम्ही घासत होतात, म्हणजे दर वेळी ताजं विष वाढत होतात."

तांबटानं मासा आपल्या हातात घेतला. आपलं सगळ्यात चांगलं तेच आपण दिलं होतं, हे त्याला राहून राहून आठवत होतं. मग त्यानं वेणूला हाक मारली. ती येऊन उभी राहिली. तिचे दंड सुकले होते. शिरा तसाच ताटात होता.

"वेणू, तुला कुठं राहायचंय?"

हे त्यानं तिला पहिल्यांदाच विचारलं होतं. तिनं दोन्ही आज्यांकडे पाहिलं.

"समुद्रावरच्या घरी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तुम्ही रागवाल?"

"नाही."

"मग तुम्हीपण चला. थोडे दिवस."

तांबटानं गाडी जुंपली. विहिणीच्या घरी पानं मांडली गेली. वाफाळती पेज आणि कुळथाची पिठी. वेणूनं वाटी संपवून पुन्हा पुढे केली.

"अगदी आईवर गेलीय," विहीणबाई म्हणाली. "सगुणा माहेरून आली की आधी पेज मागायची. तिकडच्या तुपानं पोट बिघडतं म्हणायची. पण बाबांना सांगू नका, वाईट वाटेल त्यांना, असंही म्हणायची."

दर वर्षी लेक आली की तांबट तिच्या पोळीवर स्वतःच्या हातानं तूप वाढत असे. ती खात असे. त्यानं पेज पिऊन संपवली आणि वाटी खाली ठेवली.

तात्पर्य: आपलं उत्तमातलं उत्तम दुसऱ्याला देण्याआधी, तो कशावर जगतो हे त्याला विचारावं. तांबटानं नातीला विचारलं. लेकीला विचारायचं राहून गेलं.