लांब दांड्याची मोटार

वेळणे गावच्या तरीसाठी, म्हणजे खाडी पार करणाऱ्या होडीसाठी, ती चालवणाऱ्या सोसायटीचे अध्यक्ष भाऊसाहेब सुर्वे यांनी कोणालाही न विचारता मागच्या फळीवर बसवायची नवी मोटार आणली. मोटारीचा पंख्यापर्यंत उतरणारा दांडा लांब आणि होडी ठेंगणी. त्यामुळे पहिल्याच फेरीत पाण्यातला पंखा खाडीच्या चिखलात रुतला.

“धर्मा, दांडा पाच इंच काप!” भाऊसाहेबांनी तरीच्या मेकॅनिकला फर्मावले. “ उद्या होडी चालली नाही, तर मी दुसरा मेकॅनिक बघतो.”

दांडा कापला तर मोटार कायमची जाणार आणि नाही म्हटले तर काम जाणार, हे धर्मा जाणून होता. त्याने होडीची उंची मोजली. मग त्याने होडीच्या मागच्या फळीवर पाच इंचांचा सागवानी ठोकळा बोल्टांनी पक्का केला आणि त्यावर मोटार चढवली.

सकाळी भाऊसाहेब कडाडले, “मी दांडा कापायला सांगितला होता!”

धर्मा नम्रपणे म्हणाला, “भाऊसाहेब, ताईंच्या लग्नात जावई फार उंच निघाले, तेव्हा आपण त्यांचे पाय कापले नाहीत. हार घालता यावा म्हणून ताईंच्या पायांखाली आपल्या हातांनी पाट सरकवलात. मीही तेच केले.”

धक्क्यावरच्या माणसांनी हसू दाबले. भाऊसाहेबांनी ठोकळा हाताने हलवून पाहिला आणि ते सावकाश होडीत चढले.

“मग थांबलास कशाला?” ते म्हणाले. “काढ वरात!”