महिनाभर उचललेला हात

कुंदाताई जोगळेकरांकडे दर शनिवारी दुपारी जर्मन वाचनाचा गट जमायचा. मोघेसाहेब वीस वर्षं म्युनिकला राहून आलेले. कुणी तोंड उघडलं रे उघडलं, की ते हात वर करून उच्चार सुधारायचे आणि वाक्य पहिल्यापासून वाचायला लावायचे. निम्मा गट कंटाळून गळाला होता. गट वाचत असलेल्या गोष्टीतला मुलगा मात्र युद्धावरून परतून, आईचं दार ठोठावायला हात उचलून, महिनाभर तसाच उभा होता.

त्या दिवशीही कुंदाताईंना त्याच वाक्यावर मोघेसाहेबांनी अडवलं. चहा पार निवून गेला.

"महिनाभर हेच वाचताय," हात वर धरूनच ते करवादले. "यातलं तुम्हाला काही कळलंय तरी का?"

कुंदाताईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"कळलंय ना. पोरगा दमलाय, त्याचा हात भरून आलाय आणि आई आत वाट बघतेय. त्याला जाऊ द्या हो घरात. कुणीतरी दाराबाहेर थांबायलाच हवं असेल, तर तुम्ही थांबा."

मोघेसाहेबांचा हात हळूहळू खाली आला. कुंदाताईंनी आपल्या मोडक्यातोडक्या उच्चारांत पुढचं वाक्य वाचलं, आणि दार उघडलं.