नळावरच्या गप्पा

संस्था मोठी होती आणि तिचे अध्यक्ष धडफळेसाहेब संस्थेहूनही मोठे होते. नवी फेलो ऋजुता तीन महिने कोथळवाडीत राहत होती, पण तिच्या अहवालात एकाही सभेचा फोटो नव्हता. साहेबांनी शहरातून फर्मान काढलं, "बुधवारी अकराला देवळात महिलांची सभा. मी स्वतः येतोय."

"सर, अकराला नको. बुधवारी गावात..."

"सभा कशी घ्यायची ते मला शिकवू नकोस!"

बुधवारी देवळात बॅनर लागला, सतरंज्या अंथरल्या, माइकवर तीनदा "हॅलो हॅलो" झालं. ऐकायला आलं एक कुत्रं, तेही बॅनरकडे पाठ करून झोपलं.

साहेब भडकले. "तीन महिने केलंस काय तू? म्हणे नळावर बसून बायकांशी गप्पा मारतेस! तुझी फेलोशिप आजपासून बंद."

"चालेल सर. पण आलाच आहात तर बायकांना भेटून तरी जा. माइक राहू दे इथंच."

देवळामागे गावचा एकुलता एक नळ होता. चार दिवसांनी पाणी आलं होतं, आणि झाडून सगळ्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. ऋजुताला बघताच ठकूबाईंनी पदराखालून कागद काढला. "घे गं पोरी, मुलींच्या शाळेतल्या संडासाचा अर्ज. सगळ्यांनी सह्या केल्यात."

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "साठ सह्या! एकही सभा न घेता हे जमवलंस कसं?"

"नळावर बसून बायकांशी गप्पा मारून, सर."