खुणेवर न बसणारी पट्टी

हत्यारं माणसांपेक्षा जास्त बोलत, त्या काळची ही गोष्ट. नागू सुताराच्या पडवीत मोजमापाच्या लाकडी गजाचा मोठा दरारा होता. एकदा नागूने बरोबर गजभर लांब आणि गजभर रुंद चौरंग केला. त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी भरेल अशी पट्टी कापली, तिच्यावरही तिच्याच लांबीच्या पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या आणि तो जेवायला गेला.

गजाने लगेच पट्टीला शेजारी ओढलं. ती सव्वा गजाच्या पुढे आणि दीडच्या अलीकडे भरली, पण एकाही खुणेवर बसेना.

"इथे कुठेतरी पाणी मुरतंय," गज पुटपुटला. "उरलेलं कुठे दडवलंस गं?"

"काही दडवलं नाही, गजोबा. लोक दहाच्या पटीने मोजतात, मी माझ्याच पटीने मोजते. तुमच्या चौरसाची तिरकी रेघ म्हणजे मी. माझ्या चौरसाची तिरकी रेघ म्हणजे बरोबर दोन गज. पुढेही असंच."

गजाने भुईवर तिचा चौरस आखून मोजलं. दोन गज तंतोतंत भरले, तसा त्याचा संशय आणखीच बळावला.

"इतकं चोख जमवते म्हणजे चोरच! माझ्या खुणेवर बसत नाही ती खोटी. करवती, हिला सव्वावर काप."

करवत दात परजत आली.

"काप बाई," पट्टी म्हणाली. "पण आधी यांना माझ्या खुणांवर मोज."

करवतीने मोजलं. गज अर्ध्याच्या पुढे आणि पाऊणच्या अलीकडे भरला.

करवत गजाकडे वळली. "मग तुम्हाला कुठे कापू?"